पसरलेल्या किडनी कॅन्सरची नवीन औषधं : लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

परळला औषधांच्या दुकानात काउंटरला असतो, त्यामुळे हे प्रश्न रोज कानावर येतात. कुणी जाडजूड फाईल घेऊन येतं, कुणी फक्त मोबाईलवर औषधाच्या नावाचा स्क्रीनशॉट, तोही फॅमिली ग्रुपवर कुणा भावोजींनी टाकलेला. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, तेव्हा इथलं वाचून डोस ठरवू नका, फक्त डॉक्टरांसमोर बसल्यावर ते काय बोलतायत ते कळावं म्हणून हे लिहितोय. आणि एक आधीच सांगून टाकतो. दहातले नऊ जण विचारतात "सगळ्यात नवीन औषध कुठलं?" खरं तर विचारायचं असतं ते हे, की आमच्या पेशंटला आत्तापर्यंत काय काय देऊन झालंय आणि त्यानंतर आता काय बसतं. या कॅन्सरमध्ये औषधांचा क्रम औषधाच्या नावापेक्षा जास्त महत्त्वाचा आहे.

बाबांना किडनीचा कॅन्सर फुप्फुसात गेलाय, पण डॉक्टर किमो देत नाहीयेत. असं का?

कारण किमो यावर जवळजवळ चालतच नाही. ब्रेस्टला, लिम्फोमाला जी किमो झपाट्याने काम करते ती किडनीच्या नेहमीच्या कॅन्सरवर फारशी लागू पडत नाही, हे डॉक्टरांना कित्येक वर्षांपासून माहीत आहे. आपल्याकडे सलाईन लावून जे काही देतात त्याला सगळे किमोच म्हणतात, वॉर्डातले मामासुद्धा, पण तुमच्या बाबांना जे लावतात ती इम्युनोथेरपी असेल आणि घरी घ्यायला दिलीय ती टार्गेटेड गोळी असेल. दोन्ही किमो नाहीत. मेडिक्लेमचा फॉर्म भरताना हा फरक लक्षात ठेवा, पुढे खर्चाच्या प्रश्नात सांगतो का ते.

मग ही औषधं नेमकं करतात काय?

किडनीच्या कॅन्सरमध्ये चारातले साधारण तीन पेशंट 'क्लिअर सेल' प्रकारचे असतात. त्यांच्या गाठीत बहुतेक वेळा व्हीएचएल नावाचा जीन बिघडलेला असतो. या जीनचं काम काय, तर शरीरात ऑक्सिजन पुरेसा असेल तेव्हा हिफ नावाचं प्रोटीन मोडून टाकायचं. जीनच बंद पडला की हिफ साठत जातं, पेशीला वाटतं आपण गुदमरतोय, मग ती व्हीईजीएफ नावाचा सिग्नल सोडते आणि गाठीकडे नवीन रक्तवाहिन्या फुटतात. म्हणून किडनीची गाठ इतकी रक्ताळलेली असते. ऑक्सिजन ओळखण्याची ही सगळी यंत्रणा उलगडली म्हणून केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तिघांना २०१९ चं मेडिसिनचं नोबेल मिळालं.

सुनिटिनिब, पॅझोपॅनिब, ॲक्सिटिनिब, कॅबोझॅन्टिनिब, लेनव्हॅटिनिब या गोळ्या त्या रक्तवाहिन्यांचा सिग्नल तोडतात. डॉक्टर यांना टीकेआय म्हणतात. निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब, इपिलिमुमॅब ही इंजेक्शनं वेगळी. ती गाठीला हात लावत नाहीत, आपल्याच टी-सेलवर (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींवर) कॅन्सरने दाबून ठेवलेला ब्रेक सोडवतात. तिसरा प्रकार थेट हिफवरच जाणारा, तो बेल्झुटिफान, त्याच्यावर खाली वेगळं लिहिलंय.

नवीन नवीन म्हणतात ते किती नवीन?

२००५ च्या आधी इंटरफेरॉन नाहीतर १९९२ साली मान्यता मिळालेलं हाय डोस इंटरल्युकिन-२, एवढंच हातात होतं, आणि इंटरल्युकिन इतकं जड की धडधाकट माणसालाच देता यायचं. डिसेंबर २००५ मध्ये अमेरिकेत सोराफेनिब आलं, महिन्याभरात सुनिटिनिब, मग दहा वर्षं गोळ्यांचंच राज्य. २०१५ च्या शेवटी निव्होलुमॅब आलं आणि २०१८ पासून जोड्या सुरू झाल्या, दोन इम्युनो एकत्र किंवा एक इम्युनो अधिक एक गोळी. आत्ता जगभर पहिली ट्रीटमेंट म्हणून या जोड्याच धरतात. बेल्झुटिफान किडनी कॅन्सरसाठी अमेरिकेत डिसेंबर २०२३ ला पास झालं.

सुरुवातीला कुठली जोडी द्यायची हे कशावरून ठरतं?

डॉक्टर आधी रिस्क ग्रुप काढतात. सहा गोष्टी बघतात : पेशंट स्वतःचं स्वतः कितपत करू शकतो, निदान झाल्यापासून वर्षाच्या आत औषधांची गरज पडली का, हिमोग्लोबिन कमी आहे का, आणि कॅल्शियम, न्यूट्रोफिल, प्लेटलेट वाढलेले आहेत का. एकही नसेल तर फेव्हरेबल, एक-दोन असतील तर इंटरमिजिएट, तीन किंवा जास्त म्हणजे पुअर. गंमत बघा, यातल्या चार गोष्टी साध्या रक्ताच्या रिपोर्टमधल्या आहेत आणि लोक फक्त पेट स्कॅनची सीडी घेऊन येतात, सीबीसीचा कागद घरी.

इंटरमिजिएट आणि पुअरमध्ये निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही दोन इम्युनोची जोडी वापरतात. दर तीन आठवड्यांनी असे चार डोस दोन्ही एकत्र, मग एकटं निव्होलुमॅब. तिच्या मोठ्या ट्रायलमध्ये सगळे पेशंट धरून पाच वर्षांनी ४८ टक्के हयात होते, सुनिटिनिबवाले ३७ टक्के. ज्यांना लागू पडते त्यांना ती वर्षानुवर्षं टिकते हा तिचा मोठा गुण. पण गाठ पटकन आकसायला हवी असेल, म्हणजे धाप लागतेय, हाड दुखतंय, गाठ नसेवर दाबतेय, तर इम्युनो अधिक गोळी बरी. लेनव्हॅटिनिब आणि पेम्ब्रोलिझुमॅबच्या जोडीत ७१ टक्के लोकांची गाठ ठरलेल्या मापाने लहान झाली आणि आजार सरासरी, म्हणजे मधल्या पेशंटचा, २३.९ महिने रोखला गेला, सुनिटिनिबवर ९.२ महिने. शिवाय पेम्ब्रोलिझुमॅब-ॲक्सिटिनिब आहे, निव्होलुमॅब-कॅबोझॅन्टिनिब आहे. या जोड्यांची आपसात समोरासमोर ट्रायल झालेली नाही, त्यामुळे "याच्यापेक्षा ते भारी" असं छातीठोक सांगणाऱ्याचं फार मनावर घेऊ नका.

आमच्या डॉक्टरांनी नुसती गोळी लिहिली, इम्युनो नाही. स्वस्तातलं देऊन वाटेला लावतायत का?

लगेच असं धरून चालू नका. फेव्हरेबल ग्रुपमध्ये, हळू वाढणाऱ्या आजारात, एकटी गोळी अजूनही चालते. ज्यांना ऑटोइम्यून आजार आहे, संधिवात जोरात आहे, ल्युपस आहे, किंवा दुसरा कुठला अवयव बसवलेला आहे, त्यांच्यात इम्युनो धोक्याची ठरू शकते, बसवलेला अवयव शरीर नाकारू शकतं. आणि कधीकधी कारण सरळ पैशाचं असतं आणि डॉक्टर तोंडावर बोलायला अवघडतात. तुम्हीच विचारा : "डॉक्टर, खर्चाचा प्रश्न नसता तर तुम्ही काय दिलं असतं?" एवढं एक वाक्य. उत्तरावरून सगळं कळतं.

काही जणांना तर सुरुवातीला काहीच देत नाहीत, नुसतं दर दोन-तीन महिन्यांनी स्कॅन. घरच्यांना हे सहन होत नाही, पण छोटे डाग, लक्षणं शून्य, वाढ संथ, अशा पेशंटमध्ये थांबून बघणं ही मान्य पद्धत आहे, टाळाटाळ नाही.

आधी किडनी काढून टाकायला नको का?

पूर्वी जवळजवळ सगळ्यांची काढायचे. २०१८ मध्ये फ्रान्समधून कारमेना नावाची ट्रायल आली, तिच्यात पसरलेल्या आजारात आधी ऑपरेशन करून मग सुनिटिनिब दिलेले लोक, नुसतं सुनिटिनिब दिलेल्यांपेक्षा जास्त जगले नाहीत. तेव्हापासून डॉक्टर निवडून करतात. तब्येत चांगली, पसरलेलं थोडंसंच, तर आजही काढतात, कधी औषधाने आजार आटोक्यात आणून नंतर. लघवीतून रक्त थांबत नसेल तर तो वेगळा विषय.

इम्युनो दीड वर्ष चालली आणि आता आजार वाढलाय. दुसऱ्या कंपनीची इम्युनो लावून बघू का?

हा प्रश्न महागडा आहे म्हणून नीट लिहितो. सहज वाटतं की निव्होलुमॅब बंद पडलं तर दुसरं लावू. नेमकी हीच गोष्ट तपासणारी कॉन्टॅक्ट-०३ ही ट्रायल २०२३ मध्ये आली. इम्युनो घेऊन आजार वाढलेल्या लोकांमध्ये अर्ध्यांना नुसतं कॅबोझॅन्टिनिब, अर्ध्यांना कॅबोझॅन्टिनिबसोबत ॲटेझोलिझुमॅब हे दुसरं इम्युनो. फायदा काहीच नाही, साईड इफेक्ट मात्र जास्त. पुढच्या वर्षी टिव्होझॅनिब या टीकेआय गोळीबरोबर निव्होलुमॅब देऊन तेच तपासलं, तिथेही तेच. म्हणजे इम्युनोवर असताना आजार वाढला तर बहुतेकांना पुन्हा त्याच जातीचं इंजेक्शन लावण्यात लाखो रुपये जातात आणि हाती काही लागत नाही. त्या जागी न वापरलेली गोळी येते, कॅबोझॅन्टिनिब, ॲक्सिटिनिब, नाहीतर लेनव्हॅटिनिबसोबत एव्हरोलिमस ही वेगळ्या जातीची जुनी गोळी.

बेल्झुटिफान म्हणजे काय? फेसबुकवर बघितलं, चमत्कार लिहिलंय.

चमत्कार नाही, पण हुशारीचं औषध आहे हे खरं. वर हिफचं सांगितलं ना, त्यातल्या हिफ-२ अल्फालाच हे पकडतं. वर्षानुवर्षं समज होता की या प्रोटीनला औषध चिकटायला जागाच नाही, मग त्यात एक छोटी पोकळी सापडली आणि तिथे बसेल असं औषध बनवलं. २०२१ मध्ये आधी व्हीएचएल हा खानदानी आजार असलेल्यांसाठी पास झालं, नंतर पसरलेल्या किडनी कॅन्सरसाठी, पण इम्युनो आणि टीकेआय दोन्ही देऊन झाल्यावर.

आकडे सरळ सांगतो. एव्हरोलिमसशी तुलना केली तेव्हा गाठ लहान झाली २२ टक्के लोकांची, एव्हरोलिमसवर ४ टक्क्यांच्याही आत. पण आजार थांबल्याचा मधला काळ दोन्हीकडे ५.६ महिने, अगदी सारखा. मग फायदा कुठे? दीड वर्षानंतर बघितलं तर बेल्झुटिफानवर २४ टक्के लोकांचा आजार वाढलेला नव्हता, एव्हरोलिमसवर ८ टक्के. म्हणजे बऱ्याच जणांना लवकर निरुपयोगी ठरतं आणि ज्यांना चालतं त्यांना लांब चालतं. तुमचा पेशंट कुठल्या गटात पडेल हे आधी सांगणारी टेस्ट आज तरी नाही.

रोज १२० मिलिग्रॅम, तोंडाने. हातापायाची साल, जुलाब, बीपी हे टीकेआयचे त्रास यात फारसे नाहीत, म्हातारी माणसं म्हणून खूश असतात. पण हिमोग्लोबिन घसरतं, कारण रक्त बनवायला लागणारं एरिथ्रोपोएटिनही याच हिफच्या हुकमावर चालतं. दुसरं, ऑक्सिजन कमी होऊ शकतो, कधी पेशंटला कळतही नाही. करोनातला ऑक्सिमीटर कपाटात पडला असेल तो काढा, सेल बदला, रोज एकदा बोटाला लावा आणि वहीत लिहा. गरोदर बाईने याच्या जवळही जायचं नाही, आणि हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या याच्यामुळे कमजोर पडतात, तरुण पेशंटने हे डॉक्टरांशी लाजून न बोलता राहू नये. लेनव्हॅटिनिबबरोबर आणि पेम्ब्रोलिझुमॅबबरोबर जोडून हे आणखी आधीच्या टप्प्यावर द्यायच्या मोठ्या ट्रायलही झाल्यात, त्यामुळे याची जागा पुढे सरकू शकते.

रिपोर्टमध्ये क्लिअर सेल नाही, पॅपिलरी लिहिलंय.

मग वरचे बरेच आकडे तुम्हाला लागू नाहीत. पॅपिलरीत कॅबोझॅन्टिनिब सुनिटिनिबपेक्षा सरस ठरलंय, इम्युनोच्या जोड्याही वापरतात. क्रोमोफोब आणखी वेगळा, इम्युनोला तो फार दाद देत नाही. प्रकार दुर्मीळ असेल तर बायोप्सीची स्लाईड आणि ब्लॉक दुसऱ्या मोठ्या सेंटरमध्ये दाखवून घ्या, इथे पॅथॉलॉजीचं नाव बदललं की औषध बदलतं.

जीन टेस्ट करायला सांगितलीय, पन्नास हजार. करू का?

कशासाठी ते विचारा. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये जीन टेस्टवर गोळी ठरते, तसं नेहमीच्या क्लिअर सेलमध्ये नाही. गाठीतलं पीडी-एल१ प्रोटीन बघणाऱ्या टेस्टवरही इथे औषध ठरवत नाहीत. पण पेशंट चाळिशीच्या आसपासचा असेल, दोन्ही किडन्यांत गाठी असतील किंवा घराण्यात कुणाला झालेला असेल तर रक्तातली खानदानी टेस्ट जरूर करा, त्यात भावंडांचं आणि मुलांचंही भलं आहे.

मुंबईतच कार-टी निघालीय ना, आयआयटी आणि टाटाची? आम्हाला मिळेल?

कार-टी म्हणजे पेशंटच्याच टी-सेल बाहेर काढून, कॅन्सर ओळखतील अशा बदलून परत देणं. ती निघालीय आणि अभिमानाची गोष्ट आहे, नाव नेक्सकार१९, ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते पवईत लाँच झाली. पण ती बी-सेलच्या ल्युकेमिया आणि लिम्फोमासाठी आहे. त्या बदललेल्या पेशी सीडी१९ नावाची खूण शोधतात आणि किडनीच्या गाठीवर सीडी१९ नसतंच. किडनीसाठी सीडी७० शोधणाऱ्या कार-टीवर परदेशात काम सुरू आहे, अजून सुरुवातीच्या ट्रायलमध्ये.

लसीचंही तेच. बोस्टनला ऑपरेशननंतर ९ पेशंटना त्यांच्याच गाठीच्या म्युटेशनवरून बनवलेली लस दिली आणि साधारण ४० महिन्यांच्या फॉलोअपमध्ये नवांपैकी कुणालाही कॅन्सर परत आला नव्हता, हे २०२५ च्या सुरुवातीला छापून आलं. वाचून अंगावर काटा येतो, पण नऊच माणसं आहेत, तुलनेला दुसरा गट नाही. "कॅन्सरची लस आली" म्हणून फॉरवर्ड करू नका.

एकच किडनी राहिलीय, क्रिएटिनिन वाढलंय. ही औषधं झेपतील?

बहुतेक वेळा हो. इम्युनोची इंजेक्शनं किडनीतून बाहेर जात नाहीत, डायलिसिसवरच्या लोकांनाही दिलीयत. गोळ्यांमध्ये लघवीतून प्रोटीन जातं का हे बघत राहावं लागतं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन असल्या पेनकिलर मात्र आमच्यासारख्या दुकानातून परस्पर घेऊ नका. दुकानदार म्हणून सांगतोय.

गोळीमुळे तळपायाला फोड आलेत, चालता येत नाही. गोळी बंद करू?

स्वतःहून बंद नको आणि दात ओठ खाऊन चालूही नको, फोन करा. याला हँड-फूट म्हणतात, जिथे दाब पडतो तिथे कातडी जाड होते, लाल होते, मग सोलते. युरिया असलेलं क्रीम पहिल्या दिवसापासून, त्रास सुरू व्हायच्या आधीच. गरम पाण्यात पाय नको, मे महिन्यात अनवाणी गच्चीवर वाळवण घालायला जाणं तर अजिबात नको, मऊ सोलची चप्पल घ्या. डॉक्टर काही दिवस थांबवतात, डोस खाली आणतात. डोस कमी केला म्हणजे हरलो असं नाही, कॅबोझॅन्टिनिब ६० वरून ४० वर, ४० वरून २० वर आणणं हे रोजचं काम आहे, आणि सुनिटिनिब चार आठवडे घेऊन दोन आठवडे सुट्टी याऐवजी दोन आठवडे घेऊन एक आठवडा सुट्टी असंही देतात.

बाकी : घरी बीपी मशीन पाहिजेच. थायरॉइड मंदावतं, सगळे म्हणतात "औषधाने थकवा आलाय" आणि टीएसएच केलेलाच नसतो. केस पांढरे होणं, सुनिटिनिबने कातडी पिवळसर दिसणं, यात घाबरायचं नाही, पण डोळे पिवळे झाले तर ती कावीळ, लगेच दाखवा. दात काढायचा असेल, हर्नियाचं ऑपरेशन असेल, तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा, या गोळ्यांवर जखम भरत नाही, कॅबोझॅन्टिनिब तर किमान तीन आठवडे आधी थांबवतात.

आणि इम्युनोचे साईड इफेक्ट? केस तर गेले नाहीत, काहीच झालं नाही.

इथे मला खरी भीती वाटते, कारण लोक गाफील राहतात. इम्युनोने सुटलेला टी-सेल आपल्याच अवयवावर जाऊ शकतो. आतडं, फुप्फुस, लिव्हर, थायरॉइड, पिट्युटरी, क्वचित हृदय. शेवटचा डोस होऊन महिने गेल्यावरही.

पावसाळ्यात दिवसाला सात वेळा जुलाब झाले की मुंबईतलं प्रत्येक घर एकच म्हणतं, पाणी खराब असेल, नाहीतर परवा भजी खाल्ली त्याने. मग लोपेरामाइड आणि ओआरएस घेऊन दोन दिवस काढतात. इम्युनोवर असलेल्या माणसाने असं करायचं नाही. तो कोलायटिस, म्हणजे आतड्याची सूज, असू शकतो, त्याला स्टिरॉइड लागतं, उशीर झाला तर आतडं फाटू शकतं. तसंच कोरडा खोकला आणि धाप. ते न्युमोनायटिस, म्हणजे औषधाने आलेली फुप्फुसाची सूज, असेल, साधा न्युमोनिया असेल, आणि आपल्या शहरात टीबीही असू शकतो, कारण इम्युनोनंतर झोपलेला टीबी जागा झाल्याच्या केसेस आहेत. घरात कधी कुणाला टीबी होता का हे ट्रीटमेंट सुरू व्हायच्या आधीच सांगा, लपवू नका. अचानक खूप तहान, खूप लघवी : शुगर तपासा त्याच दिवशी. फॅमिली डॉक्टरकडे किंवा रात्री कॅज्युअल्टीत गेलात तर पहिलं वाक्य "पेशंट इम्युनोथेरपीवर आहे" हेच असू द्या.

काढा, गुळवेल, गोमूत्र, ज्यूस... सोबत चालेल?

मला विचाराल तर नको. या बहुतेक गोळ्या लिव्हरच्या एकाच रस्त्याने जातात आणि काढ्यात काय आहे ते कुणालाच नीट माहीत नसतं, मग लिव्हर एन्झाइम वाढले की गोळीने वाढले की काढ्याने हे कळत नाही आणि डॉक्टर नाइलाजाने चांगली चाललेली गोळी थांबवतात. ग्रेपफ्रूट बंद, आणि पपनस त्याच कुळातलं म्हणून गणपतीत कोकणातून पेटी आली तरी तेही बंद. पॅझोपॅनिब आणि कॅबोझॅन्टिनिब रिकाम्या पोटी, सुनिटिनिब आणि ॲक्सिटिनिब जेवणासोबत किंवा जेवणाशिवाय. ॲसिडिटीच्या गोळीने पॅझोपॅनिब नीट शोषलं जात नाही, ती रोज सकाळी सवयीने घेत असाल तर सांगा.

खर्च किती आणि मदत कुठे?

जेनेरिक सुनिटिनिब, पॅझोपॅनिब, सोराफेनिब महिन्याला हजारांत बसतात, इम्युनो लाखांत. हे हजारांत कसं आलं ते ऐकण्यासारखं आहे. सोराफेनिबची मूळ कंपनी बायर महिन्याला साधारण २ लाख ८० हजार घ्यायची. ९ मार्च २०१२ ला इथल्याच, मुंबईच्या पेटंट कार्यालयातून देशातलं पहिलं सक्तीचं लायसन्स (पेटंटवाल्याची परवानगी नसतानाही दुसऱ्याला औषध बनवू देणारं) निघालं आणि हैदराबादच्या नॅट्कोला तेच औषध जास्तीत जास्त ८,८८० रुपयांत विकायला मिळालं. बायर पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, हरली.

आता मदत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कवच आहे, पण तुमचं औषध पॅकेजात आहे का हे हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला औषध सुरू व्हायच्या आधी विचारा, नंतर नाही. मुख्यमंत्री सहायता निधी, ट्रस्ट यांची पत्रं हॉस्पिटलचे सोशल वर्कर करून देतात. इम्युनोसाठी कंपन्यांचे पेशंट प्रोग्राम असतात, ठराविक डोस विकत घेतले की पुढचे मोफत किंवा कमी दरात, पण नाव पहिल्या डोसच्या आधी घालावं लागतं. पेम्ब्रोलिझुमॅबवरची कस्टम ड्युटी २०२३ मध्ये माफ झाली. मेडिक्लेमवाल्यांनी इम्युनोथेरपी किंवा ओरल किमो नाकारली तर सांगा की विमा नियामक आयआरडीएआयच्या 'आधुनिक उपचारां'च्या यादीत दोन्ही वेगवेगळ्या नावांनी आहेत (म्हणूनच वर फरक लक्षात ठेवा म्हटलं), सरसकट वगळता येत नाहीत. पोटमर्यादा, म्हणजे त्या उपचारापुरती वेगळी कमाल रक्कम, मात्र लावता येते, ती पॉलिसीत बारीक अक्षरात असते, तेवढं वाचा.

कमी डोसची इम्युनो टाटात देतात म्हणे, दहाव्या हिश्श्यात?

ते काम खरं आणि मोठं आहे, पण डोकं-मानेच्या कॅन्सरमधलं. तिथे २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब इतर औषधांसोबत देऊन फायदा दिसला. किडनीत तोच डोस पुरतो असं त्यावरून म्हणता येत नाही. काही डॉक्टर पैसे नसतील तर काहीच नसण्यापेक्षा बरं म्हणून देतात, तो निर्णय तुम्हाला सगळं समजावून झाला पाहिजे.

इंजेक्शन ओळखीतून अर्ध्या किमतीत मिळतंय. घेऊ?

नको. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी एक टोळी पकडली, ती महागड्या कॅन्सर इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या गोळा करून त्यात बुरशीवरचं साधं औषध भरून विकत होती, त्यात इम्युनोच्या नामांकित बाटल्याही होत्या. पक्कं बिल घ्या, बिलावरचा बॅच नंबर बाटलीवरच्या नंबराशी जुळवा, बर्फाच्या जेल पॅकशिवाय आलेला खोका परत करा. आणि डोस झाल्यावर रिकाम्या बाटलीचं लेबल तुमच्यासमोर पेनने खोडायला किंवा फाडायला सांगा. नर्सला राग आला तर येऊ दे.

ट्रायलमध्ये गेलो तर आमच्यावर प्रयोग करतील का?

प्रयोगच असतो, पण नियमात. भारतात ट्रायल सुरू व्हायच्या आधी सीटीआरआय या सरकारी वेबसाइटवर नोंदवावी लागते, ती यादी कुणालाही उघडून बघता येते, किडनी कॅन्सर आणि मुंबई टाकून शोधा. एथिक्स कमिटीची परवानगी लागते, ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे, आणि तुम्ही कधीही बाहेर पडू शकता. किडनीच्या ट्रायलमध्ये साखरेची गोळी देतील ही भीती असते. पसरलेल्या आजारात दुसऱ्या गटाला बहुतेक वेळा आजचं चालू औषध देतात. संमतीचा कागद मराठीत मागा आणि घरी नेऊन वाचा.

औषध भारतात मिळतच नसेल तर?

स्वतःच्या वापरापुरतं मागवायला सीडीएससीओकडे, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रण कार्यालयाकडे, फॉर्म १२ए भरायचा, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, परवाना १२बी मध्ये मिळतो. सूटकेसमध्ये घालून आणणाऱ्यांच्या नादी लागू नका.

पोटावर टोचायचं निव्होलुमॅब आलंय का?

अमेरिकेत डिसेंबर २०२४ ला मान्यता मिळाली, तीन ते पाच मिनिटांत होतं, आणि त्याची मुख्य ट्रायल किडनीच्याच पेशंटवर झाली. औषध तेच, फक्त खुर्चीवरचा अर्धा तास वाचतो.

हे किती दिवस चालणार? पूर्ण बरं होतं का?

पेम्ब्रोलिझुमॅब साधारण दोन वर्षांवर थांबवतात, गोळी जोपर्यंत काम करते आणि झेपते तोपर्यंत. लेनव्हॅटिनिब-पेम्ब्रोलिझुमॅबमध्ये १६ टक्के लोकांच्या स्कॅनमधून गाठी पूर्ण गायब झाल्या. त्यांना "बरा झाला" म्हणायला डॉक्टर कचरतात, आणि ते बरोबरच आहे, पण वीस वर्षांपूर्वी हा प्रश्न विचारायचीही सोय नव्हती. गाठ निघून गेली पण परत यायचा धोका जास्त आहे अशा क्लिअर सेलवाल्यांना आता ऑपरेशननंतर वर्षभर पेम्ब्रोलिझुमॅब देतात, त्याने आयुष्य वाढतं हे २०२४ मध्ये सिद्ध झालं.

गावाहून येतोय. राहायचं कुठे, यायचं-जायचं कसं?

दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन, दोन्हीकडे आधी चौकशी करा, हॉस्पिटलचं पत्र आणि फाईल लागते, जागा लगेच मिळेलच असं नाही. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सर पेशंटला बसता येतं, हॉस्पिटलचा कागद खिशात ठेवा, टीसीपेक्षा आतले लोकच जास्त विचारतात. इम्युनोच्या दिवशी परत जाताना एकट्याला पाठवू नका, आणि तळपायाला फोड असतील तर दादरचा पूल टाळून परळलाच उतरा.